तिसऱ्या पाकिटातली चाळीस पोरं

१

बुधवारी अकराच्या मीटिंगमध्ये युवराजनं टेबलावर चाळीस फॉर्म पत्त्यांसारखे पसरले आणि म्हणाला, "अण्णा, ही पोरं खोटी हायेत."

मंगरुळे फूड्स म्हणजे शेंगाचटणीचं घर. मालक अण्णाराव मंगरुळे सत्तरीचे, आणि चटणीपलीकडे जगात फारसं काही विकण्यासारखं आहे असं त्यांना मनातून वाटत नसे. पण मुलगा गुरु याला वाटे. त्यानं 'भिंगरी' नावाचं तरतरी आणणारं पेय काढलं होतं. छोटी लाल बाटली. तीन महिने शहरातल्या दुकानांत चाचणी म्हणून विकून झाली होती, रील करणारा बसू रोज आपल्या व्हिडिओत ती पिताना दिसत होता, आणि येत्या सोमवारी मोठी जाहिरात सुटायची होती. त्यात बसू एका दमात बाटली संपवून गरागरा फिरणार, आणि बघणाऱ्या पोरांनी तसंच फिरून आपापला व्हिडिओ टाकायचा. जाहिरातीचा ठेका युवराजचा. मूळचा नातेपुत्याचा, चार वर्षं पुण्यात काढून आलेला; बोलताना मराठी गावची आणि आकडे पुण्याचे.

अण्णारावांनी एकच हट्ट धरला होता. पोरं मोबाईलवर काय बघतात, कधी बघतात, हे आधी विचारून या, मग काय फिरायचं ते फिरा. ते काम दानेश्वरीकडे आलं. चार शिकवण्या, प्रत्येकी चाळीस पोरं, फॉर्मवर नाव लिहायचं नाही, चार पाकिटं. निघालं ते असं, की बसूला बघणारी आणि बाटली पिणारी बरीच पोरं सोळाच्या आतली. त्यातलं तिसरं पाकीट, होटगी रोडच्या शिकवणीचं, आता टेबलावर पसरलं होतं. चाळीसही फॉर्म एकाच हातानं भरलेले. पेनं बदललेली, अक्षर कधी डावीकडे कलतं कधी उजवीकडे, पण एकदा दाखवल्यावर आंधळ्यालाही कळावं.

"घरी बसून भरलेत," युवराज म्हणाला. "ह्यावर इसंबून आपण जाहिरात थांबवायची व्हय?"

"मी नाही भरले," दानेश्वरी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक आला की तिचा तिलाच खोटा वाटला.

अण्णाराव शेंगांच्या बाजारात मोठे झालेले. "एक खवट दाणा निघाला की पोतं परत," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत खुलासा दे. नाहीतर तू मोकळी."

नुसती नोकरी गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण घरी बसून फॉर्म भरणारी, असा शिक्का एकदा बसला की पाहणीच्या धंद्यात त्या माणसाला कुणी पुन्हा कागद देत नाही. दानेश्वरी तेवीस वर्षांची होती. तिला येणारा धंदा तो एकच.

दुपारी ती श्रीदेवी बिराजदारांच्या दारात जाऊन उभी राहिली.

२

श्रीदेवीअक्का तीस वर्षं लोकांची दारं वाजवत फिरल्या होत्या. साबण कुठला, चहा कुठला, केसांना तेल काय लावता. कंपन्या बदलल्या, साबण बदलले, दारं तीच. त्यातून त्यांचा एक हिशेब पक्का झाला होता: माणूस काय सांगतो हे एका खान्यात आणि का सांगतो हे शेजारच्या खान्यात लिहावं, बेरीज नंतर करावी. दानेश्वरीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं आणि मंगरुळ्यांकडे त्यांच्याच शब्दावर घेतलं होतं.

"भरलेस का?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"अक्का, तुमीपण?"

"मी भरलेत ग. तुझ्या वयात, बार्शीला, उन्हाचं, अकरा फॉर्म. साबणाचे होते. म्हणून विचारते."

दानेश्वरीनं मान हलवली. मग पर्समधून एक वही काढली. रोज संध्याकाळी ती प्रत्येक पाकिटाची बेरीज वहीत उतरवून ठेवी. किती जणांचा स्वतःचा फोन, किती जणांचा आईचा, किती जण बसूला बघतात. फॉर्म हरवले तर निदान बेरीज राहावी, ही सवय अक्कांचीच.

"ही वही दाखवलीस त्यांना?"

"दाखवली की. गुरुसाहेब म्हणले, बेरजा तंतोतंत जुळतात, म्हणजे वहीवरूनच फॉर्म बनवलेस."

अक्कांनी वही मिटली, पुन्हा उघडली. "जुळतात म्हणजे सगळ्याच?"

"मला मोजू कुठं दिलं?"

"चल," अक्का चप्पल शोधत म्हणाल्या. "आपण मोजू."

३

मंगरुळे फूड्सच्या दारात महेश्वर बसत. एकतीस वर्षं ऑफिस त्यांच्या हातात होतं. कपाटाच्या दोन किल्ल्या. एक त्यांच्या करगोट्याला, दुसरी गुरुकडे. पाहुण्यांच्या वहीत त्यांनी अक्कांचं नाव स्वतः लिहिलं, आणि 'वाहन क्रमांक' या रिकाम्या रकान्यात पट्टीनं काढल्यासारखी आडवी रेघ मारली.

"रिक्षानं आले," अक्का म्हणाल्या.

"म्हणूनच रेघ, अक्का. रकाना मोकळा सोडला की उद्या कुणीही काहीही लिहितं."

पाकिटं त्यांनी शुक्रवारी मोजून घेतली होती, सही दिली होती, कपाटात ठेवली होती. मंगळवारी युवराजनं ती गुरुच्या केबिनमध्ये दिवसभर चाळली. म्हणजे पाकिटांपर्यंत हात पोचलेली माणसं तीन. दानेश्वरी धरून चार.

अक्का आणि दानेश्वरी मागच्या खोलीत बसल्या. तिथं रंभाबाई चहा करत. त्यांची सून विड्या वळायची, आणि त्या स्वतःही गुडघे जाईपर्यंत वळत होत्या. अक्कांनी आधी खरी पाकिटं उघडली. पूर्व भागातल्या शिकवणीची पोरं फॉर्ममधून बोलत होती. 'फोन आईचा.' 'संध्याकाळी, आईचे हात विडीत असतात तेव्हा.' 'रविवारी मिळत नाही, आई बघते.' एकानं बाणाचं चित्र काढलं होतं. एकीनं, पेय पिता का, यावर 'नाही' लिहिलं, आणि त्यापुढे 'नसल्यास प्रश्न दहाकडे जा' असं छापलेलं असूनही सात, आठ, नऊ सगळे भरून टाकले: 'मी पीत नाही पण भाऊ पितो आणि चिडतो.'

"बरोबर हाय पोराचं," रंभाबाई कप ठेवत म्हणाल्या. "हात रिकामे असल्यावर कोण देतंय फोन? आमच्यात पोरगं सुपाला टेकवून बघतंय. आईला वाटतं गप बसलंय ते बरं."

"कशावर बघतं? खातं कुणाच्या नावानं?"

"आईच्याच की. त्याला कुटलं खातं?"

अक्कांनी ते मनात टिपलं आणि तिसरं पाकीट ओढलं.

ही चाळीस पोरं फार शहाणी होती. जिथं 'नाही' तिथून प्रत्येक पोर थेट प्रश्न दहाकडे गेलं होतं. शुद्धलेखन नेटकं. एकही चित्र नाही. आणि बेरजा खरंच जुळत होत्या. बसूला बघणारे सव्वीस, वहीत सव्वीस. आईचा फोन वापरणारे बावीस, वहीत बावीस. दानेश्वरी एकेक आकडा वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला, कारण प्रत्येक जुळणारा आकडा तिच्याच गळ्यात पडत होता.

"रात्री बारानंतर बघणारे," अक्का म्हणाल्या. "इथं चार."

दानेश्वरीनं वहीत बोट ठेवलं. ते बोट तिथंच राहिलं.

"अक्का, माझ्याकडे पाच आहेत."

४

आणखी दोन ठिकाणी तोच एकाचा फरक निघाला. दिवसाला तीन बाटल्या पिणारं पोर वहीत एक होतं, फॉर्ममध्ये एकही नाही. 'तुला काही सांगायचंय का' या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणारी वहीत सात, फॉर्ममध्ये सहा.

"तिन्ही एकाच फॉर्ममधलं असणार," अक्का म्हणाल्या. "काय लिहिलं होतं आठवतंय?"

"एकशेसाठ पोरं होती, अक्का. शब्द नाही आठवत. झोपेचं काहीतरी होतं. मुलगी होती एवढं आठवतं, कारण लिहिताना तिनं हातानं कागद झाकून धरला होता. मी म्हणलं, झाक बाई, मी नाही बघत."

अक्का आधी युवराजकडे गेल्या. तो गुरुच्या केबिनमध्ये बसूची रील पुन्हापुन्हा बघत होता.

"फॉर्म खोटे ठरले तर तुमचं बरंच झालं म्हणायचं," त्या समोर बसत म्हणाल्या.

"झालं की. खोटं कशाला बोलू?" तो हसला. "पण मावशी, मी बदलले असते तर असं जीव तोडून बदलले असते व्हय? चार पेनं, डावं-उजवं अक्षर. मला नुसतं उघडं पाडायचं असतं तर एकाच पेनानं खरडलं असतं. दहा मिनिटांचं काम."

अक्कांना हे पटलं, आणि युवराज त्यांना थोडा आवडला, याचा त्यांना रागही आला.

"आणि लहान पोरांना दाखवायचं न्हाय हे आमालाबी कळतं," तो पुढे म्हणाला. "सोळाच्या वरच्यांनाच दिसंल अशी सेटिंग हाय की."

"सेटिंगला कोण दिसतं? फोन आईचा, खातं आईचं. तुमच्या मशिनीला अडतीस वर्षांची बाई दिसते. बघतंय बारा वर्षांचं पोर, सुपाला फोन टेकवून."

युवराजनं बसूला थांबवलं. स्क्रीनवर बसू एका पायावर राहिला.

गुरु केबिनमध्ये आला तो फोनवर बोलतच. त्याला पाहणीचा निकाल बदलायचा होता हे तो लपवत नव्हता. "काकू, मी केलं असतं तर आकडेच फिरवले असते. बसूला बघणारी सगळी अठराची दाखवली असती. आकडे तसेच ठेवून नुसते कागद बदलायला मला काय वेड लागलंय?"

"तुमच्या मुलीचं अक्षर कसं आहे हो?" टेबलावरचा गणवेशातल्या मुलीचा फोटो बघून अक्कांनी मधेच विचारलं. एकच फॉर्म झाकलेला असेल तर तो कुणाच्या तरी जवळच्या पोराचा असणार.

"अक्षर? चांगलं आहे. म्हणजे... चांगलंच असेल. का?"

"सहज."

बाहेर पाच वाजले होते. महेश्वरांच्या टेबलाशी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी बसली होती, तेराएक वर्षांची. डोळे तांबारलेले, कागदासारखी पांढरी. महेश्वर तिची वही तपासत होते. गुरुची मुलगी, रंभाबाई हळूच म्हणाल्या. शाळा सुटली की तासभर इथं बसते, गृहपाठ महेश्वरकाकांकडून दाखवून घेते आणि मग होटगी रोडला शिकवणीला जाते.

अक्कांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

५

शुक्रवारी त्यांनी महेश्वरांना गाठलं ते जेवणाच्या सुट्टीत, कारण तेव्हा दारात कुणी नसे. महेश्वर डबा उघडून बसले होते. भाकरी, शेंगाचटणी, कांदा.

"महेश्वरप्पा, बसू का?"

"बसा की."

"मला एक सांगा. माणसाला एकच कागद लपवायचा असेल तर तो काय करील?"

महेश्वरांनी भाकरी परत डब्यात ठेवली.

"काढून टाकील," अक्काच म्हणाल्या. "पण पाकिटावर चाळीस लिहिलेलं, तुमची सही. एकोणचाळीस झाले तर तुमच्या सहीला बट्टा. म्हणून एक नवा भरला. बरोबर?"

"अक्का, पुरावा काय?"

"तिसऱ्या पाकिटात जिथं जिथं पोर पुढच्या प्रश्नाला गेलंय, तिथं मधल्या तिन्ही रकान्यांत आडवी रेघ आहे. पट्टीनं मारल्यासारखी. मी तीस वर्षांत लाखभर फॉर्म बघितले असतील. पोरं चित्र काढतील, शिव्या लिहितील, पान फाडतील. रिकामा रकाना बंद करणारं पोर मला भेटलं नाही. युवराज भरता तर इतके कष्ट घेता ना. गुरु भरता तर आकडे तसे ठेवता ना. दानेश्वरी आपल्या वहीवरून भरती तर एकाचा फरक पडता ना. राहिलं कोण? ज्याला निकाल बिघडवायचा नव्हता, फक्त एक पोर झाकायचं होतं. आणि ज्याला त्या पोराचं अक्षर बापापेक्षा जास्त ओळखू येतं."

महेश्वरांनी डब्याचं झाकण लावलं. मग बोलले ते ऑफिसातलं मराठी सोडून.

"शनवारी पाकिटं लावताना दिसलं. माझ्या डोळ्याखालचं अक्षर हाय ते, चौथीपासून. वाचलं आन् वाटलं, गुरु वाचंल, तो जाहिरातवाला वाचंल, चारचौघांत बोलतील. म्हणून कपाटातला कोरा फॉर्म घेऊन तेवढा एक बदलला. पण पाकिटात ठेवला तर तो एकटाच साफ दिसाय लागला. बाकीची पोरांची गिचमिड आन् मधीच हा शहाणा. म्हणून त्याच्या जोडीला आणखी दोन लिहिले. मग ते तीन उठून दिसाय लागले." त्यांनी कपाळाला हात लावला. "रविवारी सकाळी पाचला बसलो घरात. दुपारपर्यंत चाळीस. आकडा एकाचाबी हलू दिला न्हाय, अक्का. पोरांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं. फक्त ती एक सोडून."

"ते तुमचं काम नीटनेटकं झालं. दानेश्वरीचं काय?"

"आमचं तेवढं चुकलं," महेश्वर म्हणाले. मग स्वतःलाच दुरुस्त केल्यासारखं, "तेवढं म्हणजे सगळंच."

"खरे फॉर्म कुठं आहेत?"

"जाळलेत."

"महेश्वरप्पा, तुमी दोन हजार पाचची टपालाची पाकिटं ठेवलीत, मागच्या खोलीत बघितली मी. तुमी काय जाळणार?"

त्यांनी उठून खालचा खण उघडला.

६

शनिवारी अकरा वाजता तीच माणसं त्याच टेबलाशी बसली. अक्कांनी महेश्वरांकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती, आणि महेश्वरांनी अक्कांकडून एकच.

महेश्वर उभे राहिले. "तिसऱ्या पाकिटातले फॉर्म मी लिहिले. दानेश्वरीचा काही संबंध नाही. खरे हे आहेत." त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"तुम्ही?" गुरु म्हणाला. "का?"

"एक फॉर्म खराब झाला होता."

"एक खराब झाला म्हणून चाळीस? महेश्वरकाका, काहीतरी पटेल असं सांगा."

"तेवढंच सांगणार," महेश्वर म्हणाले आणि खाली बसले. एकतीस वर्षांत मालकाच्या मुलाला त्यांनी पहिल्यांदाच उत्तर नाकारलं असावं. युवराज अक्कांकडे बघू लागला, अक्का खिडकीकडे. कोणतं पोर, हे त्यांच्या तोंडून निघणार नाही, हा त्यांचा शब्द होता. शिवाय दानेश्वरीनं पोरांना दिलेला शब्दही तोच होता.

अण्णारावांनी गठ्ठा पुढे ओढला, चष्मा चढवला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. चाळीस फॉर्म वाचायला वेळ लागतो. गुरुनं दोनदा घड्याळ बघितलं. मधे अण्णाराव एकदा हसले, कुणीतरी बसूला मिशा काढल्या होत्या. काही पानांवर ते रेंगाळले: 'बसूदादा रोज पितो म्हणून मी पितो.' "हा खरंच पितो का रे रोज?" त्यांनी युवराजला विचारलं.

"न्हाय," युवराज म्हणाला. "त्याला पित्ताचा त्रास हाय. बाटलीत सरबत असतंय."

"हे पोरांना सांगतोस का?"

युवराजनं आपला फोन टेबलावर उलटा ठेवला.

एकतिसाव्या की बत्तिसाव्या पानावर अण्णाराव थांबले. ओळी तीनच होत्या. त्यांनी त्या वाचल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचल्या. मग पान गुरुकडे सरकवलं.

गुरुनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, सवयीनं, प्रेझेंटेशन वाचतात तसं. "'रात्री झोप येत नाही. छातीत धडधडतं. घरी सांगितलं तर मोबाईल काढून घेतील, पण बाटल्या...'" त्याचा आवाज तिथं थांबला. पुढचं त्यानं मनात वाचलं. पुढे लिहिलं होतं: 'बाटल्यांची खोकी जिन्याखालीच आहेत, त्याबद्दल कोण बोलणार.'

सोलापुरात भिंगरीची खोकी जिन्याखाली असलेलं घर एकच होतं.

"कुणाचा..." गुरुनं विचारलं आणि महेश्वरांकडे बघितलं. महेश्वर आपल्या हातांकडे बघत होते.

"फॉर्मवर नाव नसतंय," अण्णाराव म्हणाले. "तसं ठरलंय ना? मग नाही." त्यांनी पान परत घेऊन गठ्ठ्याच्या मधोमध घातलं. "युवराज, सोमवारचं रद्द. बसूला सांगा, घरी सरबत प्यावं."

"अण्णा, दुकानात माल गेलाय," गुरु म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"परत येईल की. पोतं परत येतंच." ते दानेश्वरीकडे वळले. बुधवारपासून त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "पोरी, तुला खोटी म्हणलो. ते चुकलं. तसं लिहून देतो, सहीनिशी, कुणालाही दाखव."

दानेश्वरीनं मान डोलावली.

महेश्वरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. राजीनामा असणार हे सगळ्यांना कळलं. अण्णारावांनी तो उघडला नाही. "ह्याचं सोमवारी बघू," ते म्हणाले. "झाकलंत हे वाईट केलंत. पण तुमाला अक्षर वळखू आलं. आमच्यात कुणाला आलं असतं?"

माणसं उठली. गुरु सगळ्यात आधी बाहेर पडला, आणि त्याच्या फोनची रिंग वाजत असूनही त्यानं तो उचलला नाही. अण्णाराव मात्र बसून राहिले. दानेश्वरी फॉर्म पाकिटात भरत होती, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"एक सांग. ही पोरं घरी बोलत न्हाईत. तुझ्याजवळ कशी बोलली? काय म्हणून विचारतेस तू?"

दानेश्वरीनं अक्कांकडे बघितलं. अक्कांनी हनुवटीनंच सांगितलं, तूच बोल.

"मी आधी विचारत नाही, अण्णा. आधी माझं सांगते. की मीपण रात्री दोनपर्यंत फोन बघत पडते, आईला झोपले म्हणून सांगते, सकाळी डोळे चुरचुरतात. मग ती हसतात. मग लिहितात."

"म्हणजे आपली चूक आधी काढायची."

"खरी असली तरच. पोरांना लगेच कळतं."

अण्णारावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेंगांच्या सौद्यात त्यांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता.

"बस जरा," ते शेवटी म्हणाले आणि समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "आज घरी गेल्यावर मी काय म्हणणार ते एकदा तुझ्यापुढं म्हणून बघतो. चुकलं तर सांग."